गुळवेल आणि पुराव्याचे माप
२०२० च्या महामारीत घरोघरी उकळलेल्या काढ्यांचे मूळ केवळ लोकभ्रमात शोधणे अन्यायाचे होईल. आयुष मंत्रालयाच्या ३१ मार्चच्या सूचनापत्रातच तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ व मनुका यांचा काढा सुचविला होता. हा कोविडवरील उपचार नव्हे, असा खुलासाही त्यात होता. लोकांनी काढा घेतला, खुलासा सोडला. ऑक्टोबरमधील शासकीय उपचारसंहितेत प्रतिबंधासाठी गुळवेलही आली.

२०२१ मध्ये मुंबईतील वैद्यकतज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. विकाराचे स्वरूप शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेने यकृतावर चढाई करावी तसे होते. ‘प्रतिकारशक्ती वाढविणे’ हा शब्दप्रयोग किती ढिलाईने रूढ झाला, हे यावरून लक्षात यावे. वनस्पतीची जात निश्चित केलेली नाही, असा आक्षेप मंत्रालयाने घेतला. आक्षेप रास्तच होता, कारण गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या तिच्या सजातीय वेली आहेत. परंतु मग कुंपणावरची वेल तोडून आणणाऱ्या गृहस्थाने ती कोणाकडून पारखून घ्यावयाची होती? अपायाच्या नोंदीला लावलेले हे माप गुणवर्णनाच्या वेळी कोणी हाती घेतले नव्हते. पुढे २०२२ मध्ये तेरा केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांकडून मिळविलेल्या नमुन्यांचे पृथक्करणही केलेले होते.