औषधोपचार की वर्तनोपचार? : 'एमटीए' अभ्यासाचे पुनर्वाचन

प्रस्तावना : अवधानन्यूनता-अतिक्रियाशीलता विकार, म्हणजेच एडीएचडी, असलेल्या बालकांसाठी औषध श्रेष्ठ की वर्तनोपचार, या वादात अमेरिकेतील 'एमटीए' अभ्यासाचा दाखला हमखास दिला जातो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने औषधाच्या बाजूने कौल दिला, असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे.

अभ्यासाचे स्वरूप : ७ ते ९ वर्षे वयाच्या ५७९ बालकांची यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागणी करण्यात आली : काटेकोर देखरेखीखालील औषधोपचार, सघन वर्तनोपचार, दोहोंचा संयोग आणि स्थानिक डॉक्टरांचे नेहमीचे उपचार. १४ महिन्यांनंतर मूळ लक्षणांच्या बाबतीत औषध व संयुक्त हे गट सरस ठरले.

चिकित्सा : या निष्कर्षात तीन बाबी दुर्लक्षिल्या जातात. पहिली, अंतिम मोजमापाच्या वेळी औषध चालूच होते; वर्तनोपचाराची तीव्रता मात्र त्यापूर्वीच टप्प्याटप्प्याने कमी केलेली होती. म्हणजे तुलना समपातळीवरची नव्हती. दुसरी, नेहमीच्या उपचारांच्या गटातील सुमारे दोन-तृतीयांश बालकेही औषध घेत होती; तरीही वर्तनोपचाराचा गट त्यांच्या मागे पडला नाही. देखरेखीखालील औषधाचा गट मात्र त्यांच्या पुढे गेला. यावरून यशाचे श्रेय केवळ गोळीला नव्हे, तर नियमित तपासणी, मात्रेचे काळजीपूर्वक निर्धारण आणि शिक्षकांशी राखलेला संपर्क यांनाही द्यावे लागते. तिसरी, संयुक्त गटात तुलनेने कमी मात्रा पुरेशी ठरली : दररोज सरासरी ३७.७ ऐवजी ३१.२ मिलिग्रॅम. भूक व वाढ यांवरील दुष्परिणामांचा विचार करता हा फरक क्षुल्लक नाही.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या पाठपुराव्यात चारही गटांतील फरक मावळला. तथापि १४ महिन्यांनंतर उपचारांवर संशोधकांचे नियंत्रण उरले नव्हते. त्यामुळे औषध निरुपयोगी आहे, असाही अर्थ यातून काढता येत नाही.

निष्कर्ष : अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत सहा वर्षांखालील बालकांसाठी प्रथम पालक-प्रशिक्षण, तर त्यापुढील वयात दोन्ही उपचारांची जोड सुचविली आहे. 'औषध की वर्तनोपचार' हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरतो. औषध लिहून देण्यास काही मिनिटे पुरतात. वर्तनोपचारासाठी मात्र पालक व शिक्षक यांचे कित्येक महिन्यांचे श्रम लागतात. हे श्रम टाळण्यासाठी 'एमटीए'चा आधार घेणे म्हणजे त्या अभ्यासाचा विपर्यास करणे होय.