डॉ. कासिम : अंटार्क्टिकाच्या आधीचे

डॉ. सय्यद झहूर कासिम (१९२६-२०१५) हे नाव शाळेत सामान्यज्ञानाच्या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून येते. भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते कोण? ६ डिसेंबर १९८१ रोजी २१ जणांची तुकडी गोव्याहून 'पोलर सर्कल' जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. उत्तर बरोबर आहे, पण हे गृहस्थ कशाचे शास्त्रज्ञ होते, ते त्यातून कळत नाही. कासिम सागरी जीवांच्या परिस्थितिविज्ञानाचे अभ्यासक होते. त्यांचे मोठेपण तेथेच मोजले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम कोचीनच्या बॅकवॉटरवरचे आहे. प्रश्न साधा होता. या पाण्यात अन्न किती तयार होते आणि ते कोण खाते? थंड समुद्रांच्या अभ्यासावरून एक ठोकताळा बसला होता. वसंतात सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतिप्लवक, झपाट्याने वाढतात. त्यांना प्राणिप्लवक खातात आणि प्राणिप्लवकांना मासे. कोचीनला वसंत नाही, पावसाळा आहे. नद्यांचे गोडे पाणी खाडीत भरते, क्षारता घसरते, गढूळपणामुळे प्रकाश फार खोल जात नाही. अशा पाण्यात वनस्पतींची वाढ मंदावेल, अशी कोणाचीही अपेक्षा असेल.

मोजमापाने वेगळे दाखवले. १९६९ साली कासिम व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सेंद्रिय उत्पादन पावसाळ्यातही टिकून असल्याचे दिसले. १९७२ साली भट्टतिरी व देवसी यांच्यासह त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. यांतील अनेक वनस्पतिप्लवकांचे प्रकाशसंश्लेषण समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी खारट पाण्यात अधिक चांगले होते. शिवाय तयार झालेले सारे अन्न प्राणिप्लवक संपवत नाहीत. उरलेले तळाशी जाते, कुजते आणि तेथील जीवांना पोसते. ठोकताळ्यातली सरळ साखळी येथे अपुरी पडते.

१९७३ साली त्यांनी भारतीय मत्स्यशास्त्राचीही परखड तपासणी केली. थंड देशांत हिवाळ्यात वाढ मंदावते, म्हणून माशाच्या खवल्यावरील वलये मोजून वय काढता येते. उष्ण समुद्रात वलय इतर कारणांनीही उमटू शकते. तेव्हा तीच रीत डोळे मिटून वापरणे धोक्याचे. परदेशी पद्धत घ्या, पण आपल्या पाण्यात तपासून घ्या, हा त्यांच्या लेखनाचा गाभा आहे.

मर्यादाही सांगायला हव्यात. कोचीनचे निष्कर्ष प्रत्येक खाडीला लागू होतीलच असे नाही, आणि उरलेले अन्न म्हणजे वाढलेली मासळी नव्हे. १९७४ ते १९८१ ते गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. पुढे महासागर विकास विभागाचे सचिव झाले. 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरील धातुयुक्त गोटे वर काढले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. त्यांनी संस्था उभारल्या, पण संशोधक कासिम मागे पडले. समुद्रतळाच्या त्या गोट्यांचे व्यापारी खाणकाम अजून सुरू झालेले नाही. कोचीनच्या बाटल्यांतून निघालेले ज्ञान मात्र आजही उपयोगी पडते. त्या कामातील सहकाऱ्यांची नावे कोणत्याही प्रश्नमंजूषेत येत नाहीत, ही उणीव आपल्या शिकवण्याची आहे.

फैजपूरहून समुद्र दूर आहे; पण तापी सुरतेपाशी समुद्रालाच मिळते, आणि हतनूरचे पाणीही पावसाळ्यात गढुळते. अशा अभ्यासातली जुनी, सोपी पद्धत महाविद्यालयाच्या मदतीने वरच्या वर्गांना करता येईल. एकाच जागचे पाणी एका पारदर्शक आणि एका काळ्या बाटलीत भरावे. सुरुवातीचा विद्राव्य प्राणवायू मोजावा आणि दोन्ही बाटल्या काही तास एकाच खोलीवर टांगाव्यात. काळ्या बाटलीत फक्त श्वसन चालते, पारदर्शक बाटलीत श्वसन व प्रकाशसंश्लेषण दोन्ही. शेवटी दोन्हींतील प्राणवायूचा फरक काढला की एकूण उत्पादनाचा अंदाज येतो. ऑगस्टचे आणि जानेवारीचे आकडे शेजारी लिहावेत. ते कसे येतील, हे आधी सांगू नये. पुस्तकातील ठोकताळा आपल्या पाण्यात तपासणे, एवढे विद्यार्थ्यांना साधले तरी त्यांना कासिम कळले असे आम्ही म्हणू.