कागदी देव आणि शेजारधर्म

चिनी नववर्षाच्या ठसेचित्रांवर अलीकडे पुष्कळ लिहिले जाते, आणि बहुतेक ठिकाणी ती 'लोककलेचा वारसा' म्हणून वाखाणली जातात. वाखाणणी खोटी नाही. तथापि जे चित्र वर्षअखेर जाळावे म्हणूनच छापले गेले, त्याची पारख काचेआड टांगून करावयाची, यात काही विसंगती आहे असे आम्हांस वाटते.

चुलीच्या देवाचेच चित्र घ्यावे. वर्षभर हा देव स्वयंपाकघराच्या भिंतीवरून घरातील बरेवाईट पाहतो. चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्यातील २३ वा २४ तारखेस त्याच्या ओठांना मध किंवा चिकट मिठाई लावतात, म्हणजे स्वर्गात जाऊन त्याने गोडच बोलावे. मग कागद अग्नीस अर्पण होतो आणि नववर्षास नवा लागतो. श्रावणात जिवतीचा कागद पुजणाऱ्या आमच्या वाचकांस यातील भाव समजावून सांगावयास नको.

कारागिरीचे म्हणाल तर तिआनजिनजवळच्या यांगल्यूछिंग गावी रेषा ठशाने उठवून चेहरे कुंचल्याने रंगवीत. त्यामुळे तेथील बाळांच्या गालांना मऊपणा येतो. शानतुंग प्रांतातील यांगच्यापू येथे शेतकरी हंगाम आटोपल्यावर प्रत्येक रंगाचा निराळा ठसा कोरून छापीत. रंग किंचित सरकतो, तांबडा पट्टा रेषेबाहेर जातो. आमची पसंती या दुसऱ्या तऱ्हेस आहे. थांग सम्राट थायत्सुंग (६२६–६४९) यास भुतांच्या उपद्रवाने झोप लागेना, तेव्हा छिन शुबाओ व युछी गोंग हे दोन सेनापती दाराशी उभे राहिले आणि पुढे त्यांच्या चित्रांनीच पहारा केला, अशी कथा आहे. असा द्वारपाल अंगणापलीकडून ओळखू यावयाचा असतो. त्यास बारकावा नको, जोर हवा.

१९४९ च्या नोव्हेंबरात चीनच्या संस्कृती मंत्रालयाने 'नव्या नववर्षचित्रां'चा आदेश काढला आणि देवांच्या जागी भरघोस पीक, कामगार व सैनिक आले. १९६६ नंतरच्या दशकात कितीएक ठसेच नष्ट झाले. त्याच राज्याने २००६ साली ही कला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातली!

समुद्रापारच्या सिंगापुरात मनाई कोणी केली नाही; तेथे प्रश्न शेजाराचा आहे. १९८९ पासून सरकारी इमारतींत चिनी, मलय व भारतीय कुटुंबांचे प्रमाण ठरवून दिलेले आहे. पूजेचे कागद जाळण्यासाठी इमारतीखाली लोखंडी पिंपे ठेवतात. धूर वरच्या बिऱ्हाडांत शिरतो आणि कुरबूर होते. ती अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. परंतु चार धर्मांच्या लोकांपुढे मांडावयाच्या सजावटीतून देव हळूच गळतो आणि मासा कवटाळलेले गुबगुबीत बाळ तेवढे उरते, याकडे आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे. चिनी भाषेत 'मासा' व 'शिल्लक' या शब्दांचा उच्चार एकच, म्हणून ते बाळ समृद्धीचे चिन्ह. कोणासही न खुपणारे. तिकडे आदेशाने जे घडले, ते इकडे भिडेने घडते.

वास्तविक तेथील जुन्या चिनी वस्तीने शेजारधर्माची याहून थोर रीत घालून दिली आहे. सिंगापूर-मलेशियातील कितीएक चिनी घरांत जमिनीलगत एक तांबडी पाटी असते. तीवर 'थांग' म्हणजे चिनी आणि 'फान' म्हणजे परका, अशा दोन्ही भूमिस्वामींस वंदन असते. मलय वेषातील 'दातुक' या स्थानदेवतेपुढे चिनी भाविक डुकराचे मांस ठेवीत नाहीत. सिंगापुरातील १८७० च्या श्रीकृष्ण मंदिरासमोर, शेजारच्या क्वानयिन देवीचे दर्शन आटोपून आलेले चिनी लोक उदबत्त्या लावतात. येथे कोणी आपला देव झाकून ठेवला नाही. दुसऱ्याच्या देवास पाट मांडला.

आज दारांवर दिसणारे द्वारपाल बहुधा यंत्रावर छापलेले, सोनेरी चकाकीचे असतात. चित्र म्हणून ती सुमार आहेत: डोळ्यांत धाक नाही, रेषेत कोरणीचा दाब नाही. मात्र ती कामावर आहेत, आणि संग्रहालयातील उत्तम प्रती बसून आहेत. ज्यांच्यापाशी जुने ठसे अद्याप धड आहेत, त्यांनी त्यांवरून दरवर्षी नवे कागद काढून ते बाजारातील कागदांच्याच किमतीत विकावेत. चार पावसांत त्यांचे रंग ओघळतील, कडा फाटतील. वर्षअखेरीस घरधनी ते स्वतःच काढून टाकील आणि नव्यांसाठी पुन्हा दुकानाची पायरी चढेल.