लॅडर डायग्राम आणि प्रत्यक्ष वायरिंग : एक चिकित्सा

प्रस्तावना :
जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये रिले-पॅनेलला पर्याय मागितला आणि त्यातून ‘मोडिकॉन ०८४’ हा प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर (पीएलसी) साकारला. वीजतंत्र्यांना परिचित असलेली रिले-परिपथाची शिडीवजा आकृती, म्हणजेच लॅडर डायग्राम, प्रोग्रामिंगसाठी रूढ झाली. हा परिचय तिच्या लोकप्रियतेचे कारण ठरला. परंतु अध्यापनात एका गंभीर गैरसमजाचे मूळही त्यातच आहे.

विवेचन :
रिले-परिपथात कॉन्टॅक्टचे चिन्ह हे प्रत्यक्ष कॉन्टॅक्टचे निदर्शक असते. पीएलसीच्या लॅडरमध्ये मात्र ती केवळ स्मृतीतील एका बिटची तपासणी असते. हा भेद स्टॉप बटनाच्या बाबतीत विशेष प्रकर्षाने जाणवतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने स्टॉप बटन ‘नॉर्मली क्लोज्ड’ जोडावे लागते. ते दाबलेले नसताना इनपुटला २४ व्होल्ट मिळतात व बिट ‘१’ राहतो. त्यामुळे लॅडरमध्ये त्याचे चिन्ह ‘नॉर्मली ओपन’ घ्यावे लागते. जुनी आकृती पाहून विद्यार्थी तेथे ‘नॉर्मली क्लोज्ड’ चिन्ह काढतो आणि मोटर सुरूच होत नाही. अशा वेळी प्रोग्राम दुरुस्त करण्याऐवजी बटनच ‘नॉर्मली ओपन’ जोडले, तर मोटर चालते, प्रात्यक्षिक पूर्ण होते आणि गुणही मिळतात. सुरक्षितता मात्र नष्ट झालेली असते. अशा जोडणीत तार तुटली किंवा टर्मिनल सैल झाले, तर ‘बटन दाबलेले नाही’ आणि ‘तार तुटलेली आहे’ या दोन्ही स्थितींत बिट ‘०’च राहतो. कामगार बटन दाबतो, यंत्र थांबत नाही. उलटपक्षी, योग्य जोडणीत तार तुटताच यंत्र थांबते.

आउटपुटच्या बाजूलाही हेच घडते. बिट ‘०’ झाला तरी रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटलेले असल्यास भार चालूच राहतो. म्हणूनच आणीबाणीचे स्टॉप बटन केवळ प्रोग्रामवर विसंबून ठेवता येत नाही. साध्या पीएलसीच्या बाबतीत त्याने आउटपुटचा वीजपुरवठा स्वतंत्र सुरक्षा-परिपथाद्वारे तोडणे आवश्यक ठरते.

केवळ सिम्युलेटरवर आधारलेल्या अध्यापनाची मर्यादा येथे स्पष्ट होते. पडद्यावरील तार आपोआप तुटत नाही, टर्मिनल सैल होत नाही, कॉन्टॅक्ट चिकटत नाही. तर्क शिकविण्यास सिम्युलेटर निश्चितच उपयुक्त आहे. परंतु बिघाडाची कल्पना तो स्वतःहून देत नाही.

समारोप :
सारांश, लॅडर डायग्राम हे वायरिंगचे चित्र नव्हे. प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन ‘यंत्र चालले का?’ या एकाच प्रश्नावर थांबू नये. स्टॉप बटनाची तार टर्मिनलमधून काढल्यावर यंत्र थांबते का, हे शिक्षकांच्या देखरेखीखाली तपासल्याशिवाय प्रात्यक्षिक पूर्ण मानू नये. त्यासाठी नवीन उपकरणाची गरज नाही. एक स्क्रू-ड्रायव्हर पुरेसा आहे.