'निगमन' : एक संज्ञा, दोन परंपरा

तर्कशास्त्राच्या मराठी अध्यापनात 'निगमन' म्हणजे आधारविधानांतून निष्कर्ष अनिवार्यपणे निष्पन्न होणारा अनुमानप्रकार. न्यायदर्शनात मात्र प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण व उपनय यांनंतरचा पाचवा अवयव, म्हणजे खुद्द निष्कर्षवाक्य, हे निगमन होय. तुंगारेश्वराच्या डोंगरावर धूर पाहून अग्नीचे अनुमान करणारा नैयायिक चुलीचा दाखला देतो. त्यामुळे व्याप्ती अनुभवाशी जोडलेली राहते. आकारिक युक्तता असा दाखला मागतच नाही. दे. द. वाडेकर संपादित 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोशा'त (१९७४) दोन्ही परंपरा शेजारी नांदतात. वर्गात मात्र शब्दसाम्यामुळे पंचावयवी वाक्य हे अ‍ॅरिस्टॉटलच्या संवाक्याचे पाल्हाळिक रूप समजले जाते आणि उदाहरण अनावश्यक ठरते. न्याय शिकविताना तरी पाश्चात्त्य प्रकारास 'अनिवार्य अनुमान' म्हणावे, असे सुचवावेसे वाटते.