संपर्कशोध : पडद्यावरचा आणि फोनवरचा

सार्वजनिक आरोग्य हा विषय संगणकाच्या पडद्यावरून कितपत शिकवता येतो? मे २०२० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ‘कोर्सेरा’वर खुला केलेला कोविड-संपर्कशोधाचा मोफत अभ्यासक्रम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कालावधी जेमतेम सहा तासांचा. न्यूयॉर्क राज्याने संपर्कशोधकांना तो सक्तीचा केला होता.

शास्त्राचा भाग यात उत्तम शिकवला आहे, हे आधी सांगितले पाहिजे. रुग्ण लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून रोग पसरवतो, आणि संपर्कात आलेल्याने चौदा दिवस वेगळे राहायचे, असा तेव्हाचा नियम होता. म्हणजे १० तारखेला ताप आला तर चौकशी ८ तारखेपासून करायची. ९ तारखेला जो सोबत जेवला त्याने २३ तारखेपर्यंत घरी थांबायचे. असे हिशेब पडद्यावर छान समजतात आणि यंत्राला तपासताही येतात. आजारी माणसाला वेगळे ठेवणे आणि संपर्कात आलेल्या निरोग्याला वेगळे ठेवणे यांतला फरकही नेमका सांगितला आहे. आपल्याकडे दोहोंना सर्रास ‘विलगीकरण’च म्हटले गेले!

अडते ते पुढे. संवादकौशल्यासाठी अभिनय करून दाखवलेली फोनवरची संभाषणे आहेत. ती चांगलीच आहेत. पण परीक्षा पर्यायांतून उत्तर निवडण्याची. योग्य प्रश्न ओळखता येणे वेगळे आणि घाबरलेल्या माणसाला तो विचारता येणे वेगळे. न्यूयॉर्क शहरात जून २०२० मध्ये शोधमोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत सुमारे ३५ टक्के रुग्णांनीच संपर्कातल्यांची माहिती दिली. याचे खापर अभ्यासक्रमावर फोडणे अन्यायाचे होईल. अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन, बुडणारा रोजगार, सरकारची भीती, यांवर सहा तासांत कोण काय उपाय शिकवणार? पण मग प्रमाणपत्र नेमके कशाचे, हे विद्यापीठाने स्पष्ट करायला हवे होते.

गंमत अशी की अभ्यासक्रमाच्या अध्यापिका एमिली गर्ली यांनी स्वतः बांगलादेशात वर्षानुवर्षे राहून निपाह विषाणूवर काम केले आहे. तेथील टांगाईलच्या २००४-०५ मधील उद्रेकाचे मूळ शिंदीच्या कच्च्या रसात असल्याचे संशोधकांना कळले, ते आजारी आणि निरोगी शेजाऱ्यांच्या घरांत ‘काय खाल्ले, काय प्यालात’ असे विचारत फिरल्यामुळे. ही विद्या व्हिडिओत कशी मावणार?

महाविद्यालयांत हा किंवा असा अभ्यासक्रम वापरायचा असेल, तर व्हिडिओ घरी पाहू द्यावेत आणि तास संभाषणासाठी राखावा. दोन विद्यार्थी पाठीला पाठ लावून बसवावेत, एकमेकांचा चेहरा दिसता कामा नये. ‘रुग्णा’च्या हाती एक चिठ्ठी द्यावी : मुकादमाला कळले तर काम जाईल. दहा मिनिटांत किती नावे हाती लागतात, ते तिसऱ्याने फळ्यावर लिहीत जावे.