कच्च्या नमुन्याची कैफियत

2025 मध्ये, टेलविंड या वेब-रचनेच्या साधनाचे कर्ते ॲडम वॉथन यांनी एक जाहीर क्षमायाचना केली. पाच वर्षांपूर्वी टेलविंडच्या घटकसंग्रहातील प्रत्येक बटनाला आपण निळसर जांभळा रंग दिला आणि त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली जगातील प्रत्येक स्क्रीन आज त्याच रंगाची झाली आहे, असा तिचा आशय होता. लोक हसले आणि आपापल्या कामाला लागले. मला मात्र स्क्रीन रचण्याच्या या कलेविषयी अलीकडे जे काही लिहिले-बोलले गेले त्यात या क्षमायाचनेइतके मर्मग्राही विधान दुसरे आढळले नाही. एका माणसाने सोयीसाठी निवडलेली एक छटा, तिचा कोणी पुरस्कार केलेला नसताना आणि तिच्यावर कोणी वादही घातलेला नसताना, निव्वळ वारंवार आढळते एवढ्याच भांडवलावर साऱ्या व्यवसायाची अभिरुची होऊन बसते, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी खासच नाही. ज्या कलेत निवड हेच कर्तृत्व, तिच्यात निवड नाहीशी होऊन केवळ पुनरावृत्ती उरली, असा तिचा अर्थ आहे.

व्हीझिरो 2023 पासून, बोल्ट आणि लव्हेबल 2024 पासून, स्टिच आणि फिग्मा मेक 2025 पासून, अशी वाक्यावरून स्क्रीन रचून देणारी साधने आपल्या हाती आहेत. वाचकांना ती परिचित असल्यामुळे त्यांची ओळख करून देण्यात मी जागा दवडत नाही. पहिल्या तिघांविषयी वेगवेगळे लिहिण्याचे कारण मला दिसत नाही: रिॲक्ट, टेलविंड आणि तयार घटकांचा एखादा संच यांच्या मिश्रणातून तिन्ही एकच स्क्रीन देतात, आणि कोणती कोणाची हे सांगण्याची पैज मी घेणार नाही. गॅलिलिओ एआयच्या पायावर उभारलेले गूगलचे स्टिच दिसायला प्रसन्न आहे, पण दिसण्यापलीकडे त्याची धाव नाही. कर्सर आणि रेप्लिट ही बांधकामाची साधने. नमुन्यांच्या चर्चेत त्यांना ओढणे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे.

फिग्माचे प्रकरण मात्र क्षणभर थांबून पाहण्याजोगे आहे. 2024 च्या जूनमध्ये या कंपनीने शब्दांवरून आराखडा काढून देणारी सोय मोठ्या समारंभाने जाहीर केली. हवामानाचे ॲप मागितले असता ती ॲपलच्या हवामान-ॲपची जवळजवळ प्रतिकृती काढून देते, असे एका डिझायनरने दाखवून दिले. आणि काही दिवसांतच ती सोय मागे घ्यावी लागली. कंपनीचा खुलासा असा होता की, दोष प्रतिमान (मॉडेल) ग्राहकांच्या फाइलींवर शिकवल्याचा नसून, त्याच्या हाती दिलेल्या घटकसंचाची पुरेशी तपासणी न झाल्याचा होता. हा खुलासा मी खरा मानतो, आणि खरा मानल्यामुळेच अधिक अस्वस्थ होतो. कारण चोरी झाली असती तर ती पकडता आली असती. येथे कोणी काही चोरलेच नव्हते, ‘हवामान’ हा शब्द उच्चारताच सर्वाधिक संभाव्य असे जे उत्तर तेच बाहेर पडले होते. ती सोय पुढे दुसऱ्या नावाने परतली. सरासरीची हुकमत मात्र होती तेथेच राहिली.

या साधनांना प्रोटोटाइपची साधने म्हटले जाते, तेव्हा प्रोटोटाइपकडून आपण काय अपेक्षिले होते याची आठवण करून देणे प्राप्त आहे. स्टेफनी हूड आणि चार्ल्स हिल यांनी 1997 मध्ये नमुन्याच्या कामाची तीन अंगे वेगळी केली: ती वस्तू माणसाच्या आयुष्यात कोणती भूमिका बजावणार, ती दिसणार-भासणार कशी, आणि ती आतून चालणार कशी. बिल बक्स्टन यांनी 2007 मध्ये आणखी मागे जाऊन, नमुन्याच्याही आधीचे जे रेखाटन, त्याची कैफियत मांडली. ते स्वस्त असावे, झटपट व्हावे, टाकून देताना हात अडखळू नये. त्याने सांगू नये, सुचवावे. आणि मुख्य म्हणजे ते संदिग्ध असावे, कारण त्या संदिग्धतेतच काढणाऱ्याला स्वतःलाही अनपेक्षित असा अर्थ सापडतो. बाल्सॅमिक या आराखडे काढण्याच्या साधनाच्या कर्त्याने 2008 मध्ये हेच तत्त्व किती शहाणपणाने राबवले होते! रेषा मुद्दाम हाताने काढल्यासारख्या वेड्यावाकड्या ठेवल्या, म्हणजे बैठकीत रंगावर वाद न होता रचनेवर वाद होईल. आजच्या साधनांनी ही संपूर्ण पायरी गाळली आहे. वाक्य टाइप केले की क्षणार्धात छाया, गोलाई आणि संक्रमणे यांसह पक्का माल हजर होतो. हूड-हिल यांच्या तीन अंगांपैकी दिसणे त्याला पूर्णांशाने साधते, चालण्याचा आभास साधतो, आणि भूमिकेचा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

हे आरोप हवेत राहू नयेत म्हणून एक दाखला देतो. खातेदार वारल्यानंतर सातबाऱ्यावर वारसांची नोंद व्हावी यासाठी अर्ज करण्याचे पान तयार कर, असे मी अशा एका साधनाला मराठीत सांगितले. मिनिटभरात पान आले आणि ते देखणे होते. त्यात ‘मालकाचे नाव’ अशी एक चौकट होती, ‘क्षेत्र (एकर)’ अशी दुसरी, दस्तऐवज जोडण्यासाठी तुटक रेषांचा एक रुबाबदार चौकोन, आणि बटन दाबताच हिरवी खूण उमटून ‘अभिनंदन! आपली नोंद यशस्वी झाली’ असे शब्द. आता, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिले जाते ही चूक क्षुल्लक आहे. एका वाक्याने ती दुरुस्त झाली. पण नोंद ‘यशस्वी’ कशी झाली? वारस-अर्जाची चौकशी होते, फेरफार गाव नमुना सहामध्ये धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, हरकत आलीच तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावाचून फेरफार मंजूर होत नाही. ज्या पानाची सारी गुंतागुंत या पंधरा दिवसांत आणि त्या एका संभाव्य हरकतीत आहे, त्या पानाने तो सगळा काळ पुसून टाकून त्या जागी अभिनंदन ठेवले होते.

तेच पान मी नंतर कागदावर पेन्सिलीने काढू लागलो, आणि पहिल्याच चौकटीशी हात थांबला. नाव एकाचे की सर्वांचे? वारस पाच असतील तर पाच ओळी काढाव्यात की ‘आणखी एक वारस’ असे बटन ठेवावे? लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीचे नाव कोण भरणार, आणि ते गाळूनच अर्ज पुढे सरकला तर तिला कळणार कसे? तिने हक्कसोडपत्र करून दिले असे भाऊ म्हणत असेल, तर तो नोंदणीकृत दस्त याच पानावर मागावा की तिला स्वतंत्र सूचना पाठवावी? एका चौकटीपाशी हात अडला म्हणून इतके प्रश्न उभे राहिले. डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये वास्तुकलेच्या वर्गातील गुरुशिष्यांच्या संवादावरून जे दाखवून दिले, की कागदावरची रेघ काढणाऱ्याला उलट उत्तर देते आणि त्या उत्तरातूनच पुढची रेघ निघते, ते हेच. हात अडण्याची ती जागा म्हणजेच डिझायनरचे काम होय, आणि नवी साधने नेमकी तीच जागा लोणी फासून गुळगुळीत करतात.

मग यंत्राला या कामात स्थानच नाही काय? आहे, आणि ते कोठे आहे हे एकदा, थोड्या काळापुरते का होईना, लखलखीतपणे दिसलेही होते. 2023 च्या नोव्हेंबरात, सॉयर हूड यांच्या एका छोट्या प्रयोगाचा धागा धरून, टीएलड्रॉ या रेखाटनफलकाच्या मंडळींनी ‘मेक रियल’ नावाचे बटन आणले. तुम्ही फलकावर हाताने चौकटी, बाण, खाडाखोड, शेजारी दोन शब्दांची टीप असे काहीही काढायचे आणि ते निवडून बटन दाबायचे. चित्र म्हणून ते प्रतिमानाकडे जाई आणि चालते-बोलते पान होऊन परत येई. पण परत कोठे येई हे महत्त्वाचे आहे. ते त्याच फलकावर, तुमच्या रेखाटनाच्या शेजारी येऊन बसे. मूळ रेखाटन जागचे हलत नसे. एवढेच नव्हे तर त्या चालत्या पानाच्या अंगावर तुम्ही पुन्हा रेघोट्या ओढू शकत होता, ‘हे येथून काढ’, ‘हे उलट कर’ असे बाणाने दाखवू शकत होता, आणि ते सारे पुन्हा निवडून तिसरे पान मागू शकत होता. असे करता करता फलकावर विचाराची सगळी वंशावळ डावीकडून उजवीकडे पसरलेली राही, फसलेल्या फाट्यांसकट.

या एका योजनेत मला या कलेचे पुढील दशक दिसते. येथे हात पुढे आणि यंत्र मागे चालते. खाडाखोड हा मजकुराचाच भाग मानला जातो. मधले निर्णय लुप्त न होता दिसत राहतात. वाक्यातून स्क्रीन मागणाऱ्या साधनांत नेमके याच्या उलट घडते: संभाषण लांबत जाते, पहिली पाने वर सरकून दृष्टीआड होतात, आणि शेवटचे पान तेवढे खरे ठरते. शिवाय रेखाटनात जागेचा अर्थ असतो. पेन्सिलीने मोठी काढलेली चौकट मोठी असते कारण काढणाऱ्याला ती महत्त्वाची वाटली. ‘महत्त्वाची माहिती ठळक दाखव’ या वाक्यात मात्र सारा निर्णय दुसऱ्यावर सोपवलेला असतो. हा प्रवाह नवा नाही. आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये स्केचपॅडवर प्रकाशलेखणीने रेघ काढली आणि संगणकाने तिला नियम लावला, तेव्हापासून तो वाहत आहे. ब्रेट व्हिक्टर यांनी 2012 मध्ये, कर्ता आणि कृती यांच्यात क्षणाचाही आडपडदा नसावा असा आग्रह धरला तो याच प्रवाहातला. आणि 1987 चे हायपरकार्ड! बिल ॲटकिन्सन यांच्या त्या साधनात शाळामास्तरापासून ‘मिस्ट’ या खेळाच्या कर्त्यांपर्यंत सर्वांनी आपापले संच बांधले, आणि कोणतेही बटन उघडून त्यामागची लिपी वाचता, बदलता, शिकता येत असे. आज प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांना आम्ही मुक्ती दिली असे जे सांगतात, त्यांना मी विचारतो: हायपरकार्डने माणसाला कर्ता केले होते, तुमच्या साधनाने त्याला अर्जदार केले, याला मुक्ती म्हणायची काय?

प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे मी टाळू इच्छीत नाही. पहिला प्रयत्न फेकून देण्याच्याच हिशेबाने करा, असे फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये आपल्या पुस्तकात सांगितले. आणि 1995 च्या आवृत्तीत त्यांनीच ते मत दुरुस्त करून, वस्तू टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावी असा कौल दिला. तेव्हा नमुनाच वाढत वाढत पक्की वस्तू होत असेल तर बिघडले कोठे? बिघडते ते असे, की ब्रुक्स यांच्या मनातील वाढणारी वस्तू वाढवणाऱ्याला प्रत्येक टप्प्यावर कळलेली असते, आणि येथे हजारो ओळींचे कोड कोणी वाचलेलेच नसते. ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द ज्या आंद्रे कारपाथी यांनी 2025 च्या फेब्रुवारीत रूढ केला, त्यांनीही न वाचता स्वीकारण्याची ही रीत सुटीच्या दिवशी करून टाकून देण्याजोग्या कामांसाठीच बरी म्हटली होती. शब्द जगभर पसरला आणि अट मागे राहिली.

आपल्या भाषेत काम करणाऱ्याला याची झळ दुप्पट लागते. सरासरी ज्या मजकुरातून निघते त्यात आपण नगण्य असल्यामुळे, रोमन मथळ्यांत अक्षरांचे अंतर वाढवण्याची लकब देवनागरीवर लादली जाते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींतील अंतर आखडल्यामुळे रफार आणि वेलांट्या वरून छाटल्या जातात. आणि पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदवलेली राहिल्याने, टंकात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हजर असूनही हिंदी वळणाचे उमटतात. माझ्या त्या फेरफाराच्या पानात हे तिन्ही दोष होते. बैठकीत कोणाच्याही नजरेस ते येत नाहीत, कारण पक्के दिसणाऱ्या पानाकडे लोक मंजुरी देण्यासाठी पाहतात, तपासण्यासाठी नव्हे.

म्हणून माझे मागणे साधनकारांकडे आहे, आणि ते अवघड नाही. जो तपशील माणसाने सांगितला नव्हता आणि यंत्राने स्वतःच्या मनाने भरला, त्यावर तशी खूण असावी. काय मागितले होते आणि काय आले याची रुजवात घालणे या यंत्रांना जड जाऊ नये. एका प्रश्नाला एकच पान न देता परस्परविरोधी तीन पाने शेजारी शेजारी मांडावीत. जेथे उत्तर ठाऊक नाही तेथे चौकट रिकामी सोडावी. आणि या साधनांच्या वरच्या कोपऱ्यात जे ‘प्रकाशित करा’ असे बटन असते, ज्याच्या एका दाबाने काल दुपारी सुचलेली गोष्ट आज लोकांच्या व्यवहारात उतरते, ते नमुन्याचे म्हणवणाऱ्या साधनातून काढून टाकावे. ते ठेवायचेच असेल तर प्रोटोटाइप हे नाव सोडावे आणि बांधकाम म्हणून जी तपासणी, जी जबाबदारी अंगावर येते ती पत्करावी. दोन्ही सवलती एकदम मागण्याचा हक्क त्यांना कोणी दिलेला नाही.